वैद्यकीय ग्रंथपाल
आरोग्यविज्ञानातील माहितीचा शोध, निवड व संघटन करून संशोधकांना साहाय्य करणारा प्रशिक्षित ग्रंथालय व्यावसायिक. नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची ग्रंथालये हे राज्यातील या कामाचे एक प्रमुख क्षेत्र होय.

पूर्वी झालेले संशोधन शोधणे हे त्याचे पायाभूत कार्य. उदा., नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासीबहुल तालुक्यात सिकलसेल आजाराचा अभ्यास करायचा झाल्यास आजाराची पर्यायी नावे, ‘कोकणा’ व ‘कुकणा’ यांसारखे जमातनामांचे लेखनभेद आणि स्थलनामे एकत्र करून तो शोधसूत्र रचतो. त्यासाठी पबमेड हा माहितीसंच (१९९६) व ‘मेश’ ही वैद्यकीय विषयशीर्षकांची सूची (१९६०) वापरतात. भारतातील चिकित्सालयीन चाचण्यांचा मागोवा सीटीआरआय या नोंदवहीतून (२००७) घेता येतो.

पद्धतशीर आढाव्यात तो शोधाची तारीख, संज्ञा आणि लेख वगळण्याची कारणे नोंदवून ठेवतो. त्यामुळे तोच शोध इतरांना पडताळता येतो. संदर्भांची मांडणी, फसव्या नियतकालिकांची पारख आणि मागे घेतलेल्या शोधनिबंधांची तपासणी हीही त्याची कामे होत. संशोधनाचा आराखडा ठरतानाच त्याला सहभागी करून घेतल्यास कामाची पुनरावृत्ती टळते.