स्थूल रुग्ण आणि आहारतज्ज्ञाचा तराजू

लंडनच्या विल्यम बँटिंगचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा. १८६२ च्या ऑगस्टमध्ये, पासष्टी ओलांडण्याच्या सुमारास, पाच फूट पाच इंच उंचीच्या या गृहस्थाचे वजन २०२ पौंड होते. वाकून बूट बांधणे त्याला जमेना. जिना उतरायचा तर पाठमोरे होऊन सावकाश उतरावे लागे. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडून आपण वर्षभरात ४६ पौंडांनी उतरलो, ही हकीकत त्याने १८६३ साली स्वखर्चाने छापली. ती इतकी गाजली की, स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी आजही त्याच्या आडनावावरून बनलेले क्रियापद वापरतात.

त्या पुस्तिकेतील दुसरी हकीकत मात्र लोक विसरले. बँटिंगने अनेक वैद्यांचे उंबरठे झिजविले होते. एकाने नाव वल्हविण्यास सांगितले; त्याने पहाटे उठून वल्ही मारली, अंगात बळ आले, पण भूकही दुणावली. सभेत, गाडीत, रस्त्यात होणाऱ्या कुचेष्टेला कंटाळून तो चारचौघांत जाईनासा झाला. सांगितलेले कष्ट निमूटपणे करणाऱ्या या माणसाला आळशी म्हणायचे तरी कसे?

स्थूलतेची निंदा वैद्यकाला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एका अध्यायाचे नावच 'अष्टौनिन्दितीय' असे आहे. पण तेथे अतिस्थूलाच्या शेजारी अतिकृशही बसला आहे आणि स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन व दिवसा निद्रा यांच्याबरोबर बीजस्वभावही, म्हणजे जन्मतः आलेली प्रकृतीही, मोजली आहे. ही शेवटची गोष्ट पुढे पार नजरेआड झाली.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ साली क्लीव्हलंड येथे स्थापन झाली. या नव्या व्यवसायाच्या हाती जो तराजू आला, तो विमा कंपन्यांच्या कचेरीतून. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२-४३ मध्ये 'आदर्श' वजनांची कोष्टके प्रसिद्ध केली. विमेदारांच्या मृत्यूंवरून बेतलेला हा हिशेब दवाखान्यात पोहोचला आणि 'आदर्श' या शब्दाला नीतीचा वास येऊ लागला. आजचा देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, मुळात बेल्जियमच्या केतले या ज्योतिर्विदाचा. त्याला हवा होता तो समाजातील सरासरी मनुष्य. अ‍ॅन्सेल कीज याने १९७२ साली त्या आकड्याला आजचे इंग्रजी नाव दिले.

आहाराचा कागद हाती देऊन काय साधते, हे अल्बर्ट स्टंकार्ड याने १९५९ साली पाहिले. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात आहारोपचारासाठी आलेल्या १०० स्थूल रुग्णांपैकी २० पौंड उतरले अवघे १२; दोन वर्षांनी ते यश टिकविणारे उरले २. दोष अर्थातच उरलेल्या ९८ जणांच्या माथी मारण्याचा प्रघात होता. याच स्टंकार्डने सहकाऱ्यांसह १९८६ साली डेन्मार्कमधील ५४० दत्तक मुलांच्या प्रौढ वयातील वजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजनाचे साम्य आढळले ते जन्मदात्यांशी. ज्यांच्या घरचे अन्न खाऊन ती वाढली, त्यांच्याशी नव्हे. बीजस्वभाव पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

व्यवसायाची नजर मात्र त्या वेगाने बदलली नाही. २००९ साली अमेरिकेत आहारशास्त्राच्या १८२ विद्यार्थ्यांना काल्पनिक रुग्णांची टिपणे वाचावयास दिली. आहाराची व प्रकृतीची माहिती सर्वांची सारखीच. फरक वजनाचा व लिंगाचा. तरीही स्थूल रुग्णाचा आहार अधिक वाईट, प्रकृती अधिक खालावलेली आणि तो सल्ला पाळण्याची शक्यता कमी, असे विद्यार्थ्यांनी ठरविले. रुग्ण अजून तोंडही उघडतो न उघडतो, तोच निकाल झालेला!

अशा निकालापुढे बसलेला रुग्ण काय खातो ते खरे सांगत नाही. सांगितले तरी त्यावर विश्वास बसत नाही. गुडघा दुखतो, धाप लागते, अशी कोणतीही तक्रार केली तरी उत्तर एकच मिळते, वजन उतरवा. आणि जी तपासणी व्हावयास हवी ती राहून जाते. पुढच्या तारखेला तो येत नाही. मग नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा पडतो : 'सूचना पाळत नाही.'