लूसी पार्सन्सने लपविलेला जन्म

दरवर्षी १ मे रोजी शिकागोच्या हुतात्म्यांची नावे घेतली जातात. त्यांत अल्बर्ट पार्सन्स असतो; त्याची पत्नी लूसी क्वचितच असते. हेमार्केट प्रकरणात अल्बर्ट ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेला. त्यानंतर ५४ वर्षे ही बाई लढत राहिली; त्यातला बराच काळ राज्यसंस्था आणि मालकशाही दोन्ही नाकारणाऱ्या अराज्यवादासाठी.

तिचा जन्म १८५१ च्या सुमारास व्हर्जिनियात, गुलामीत झाला. मालकाने तिला टेक्ससला नेले. तेथून ती अल्बर्टबरोबर शिकागोला आली. १८८४ मध्ये बेकार, बेघर माणसांना उद्देशून तिने 'द अलार्म'मध्ये लिहिलेला लेख पत्रक म्हणून हातोहात गेला. १९०५ मध्ये 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड'च्या स्थापना-अधिवेशनात तिने बजावले : संप करून बाहेर उपाशी मरू नका, आतच राहा, कारखाने ताब्यात घ्या.

एवढी निर्भय बाई. पण गुलामीतला जन्म तिने कधीच कबूल केला नाही. आपण मेक्सिकन व आदिवासी रक्ताच्या आहोत, असे ती सांगे. मी तिला दोष देणार नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरीच्या गावी खोली शोधताना मी पदवी सांगितली आणि आडनाव गिळले.

माझे भांडण आहे ते तिच्या लेखनाशी. मार्च १८८६ मध्ये मिसिसिपीतील कॅरल्टन येथे काळ्या भावांनी एका गोऱ्याविरुद्ध फिर्याद केली, म्हणून गोऱ्या झुंडीने भर न्यायालयात २० हून अधिक काळ्यांना गोळ्या घातल्या. लूसीने लिहिले, हा जुलूम ते काळे म्हणून नव्हे, गरीब व परावलंबी म्हणून झाला.

हा युक्तिवाद आपणही पुष्कळ ऐकला आहे. मुंबईच्या गिरण्यांत धाग्याला थुंकी लावावी लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. हा विटाळ मालकापेक्षा शेजारी उभा राहणारा सवर्ण कामगारच पाळत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी नेमके त्यावर बोट ठेवले. गरिबी दोघांचीही होती; विटाळ एकाचाच होता.

७ मार्च १९४२ रोजी घराला लागलेल्या आगीत लूसी गेली. तिची पुस्तके आणि कागदपत्रे पोलिसांनी उचलून नेली. मेल्यावरही सत्तेला तिची भीती वाटत होती. तिचा लढा आपला आहेच. पण तिच्या युक्तिवादाला उत्तर तिच्याच आयुष्याने दिले आहे : प्रश्न केवळ गरिबीचा असता, तर तिला जन्म का लपवावा लागला?