अंगठ्यानं चढवायचा घोडा: जुनी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे का टिकली नाहीत

मंडळी, द्रोणागिरीत जुन्या रिव्हॉल्व्हरवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना काऊबॉयचे सिनेमे आठवले असतील. आठवू द्या. मला विचारायचंय ते वेगळं. आपल्याकडे तलवारी, कट्यारी, दांडपट्टे जपणारे हौशी लोक पुष्कळ. पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय झालं, त्यात शस्त्रांचं दालनसुद्धा आहे. मग घरगुती संग्रहात जुनं रिव्हॉल्व्हर इतकं दुर्मीळ का?

आधी यंत्र समजून घेऊ. 'सिंगल ॲक्शन' म्हणजे चाप एकच काम करतो, चढवलेला घोडा सोडतो. घोडा मागे ओढायचा तो आपल्या अंगठ्यानं. तो ओढताना गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं. दर बाराला पुन्हा अंगठा. 'डबल ॲक्शन'मध्ये नुसता चाप ओढला की घोडा चढतो, चक्र फिरतं आणि बारही उडतो.

सॅम्युअल कोल्टनं अमेरिकेत १८३६ साली पेटंट घेतलं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यानं आपला माल मांडला आणि १८५३ला लंडनमध्ये कारखानाच काढला. तो चालला तीन-चार वर्षं, पण कंपनी सरकारचे अधिकारी हत्यार स्वतःच्या खिशातून घेत, त्यामुळे कोल्ट हिंदुस्थानात पोचलं. कोकणातल्या माणसाला हे हत्यार परकं वाटू नये, कारण ते ठासणीचंच आहे! सहा घरांत समोरून दारू, त्यावर शिशाची गोळी, नळीखालच्या दांड्यानं ठासायची आणि मागे केपा बसवायच्या. पितळी काडतुसाचं प्रसिद्ध कोल्ट आलं १८७३ला. तोवर इंग्रजी सैन्य ॲडम्सच्या डबल ॲक्शनकडे वळलेलं होतं. म्हणजे इकडे सिंगल ॲक्शनचा बहर जेमतेम काही वर्षांचा.

आणि मग १८७८. लॉर्ड लिटनचा शस्त्रकायदा. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. गोऱ्यांना मात्र सूट. तलवार घरात पिढ्यान्‌पिढ्या होती. रिव्हॉल्व्हरला रुळायला मिळाली पंचवीस वर्षं, त्यातच सत्तावनचा उठाव. रुजणार कसं? संस्थानांची गोष्ट निराळी, म्हणून कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये आजही बंदुका बघायला मिळतात.

हा कायदा कुणासाठी होता ते याच परिसरात कळतं. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचं बंड १८७९चं, कायद्याच्या दुसऱ्याच वर्षीचं. आणि आपल्या उरण तालुक्यातलं चिरनेर! २५ सप्टेंबर १९३०, जंगल सत्याग्रह. लोक लाकडं तोडायला कोयते घेऊन गेले, समोर पोलिसांच्या बंदुका. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. नि:शस्त्र करणं म्हणजे काय, हे चिरनेरला कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणून शस्त्रांवर नियंत्रणच नको, असं मी म्हणणार नाही. अजिबात नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला, १९६२ पासून लागू झाला. त्याचं ४५वं कलम संग्राहकानं पाठ करावं. जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार कायद्याबाहेर आहे, पण कधी? दुरुस्ती करूनही त्यातून बार निघणार नसेल तर. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं साल बघतात: १८९८ किंवा त्याआधीचं असेल तर पुरातन. आपण साल बघत नाही, बार उडेल का ते बघतो. दीडशे वर्षांचं, पण घोडा नीट चढणारं रिव्हॉल्व्हर आपल्या कायद्याला आजच्या रिव्हॉल्व्हरसारखंच.

आता पेच बघा. संग्राहकाला हवी असते ती आतली करामत: घोडा, खाचा, कमानी, चक्राचं ते एकेक घर सरकणं. सूट हवी तर नेमकं तेच निकामी करायचं. नाहीतर परवाना, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर दोनच बंदुका, वारसाहक्कानं आलेल्या धरून. दोन नगांचा संग्रह होत नाही हो!

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते म्हातारा परवानाधारक गेल्यावर. घरचे घाबरतात, आणि घाबरणं साहजिक आहे. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, हे कायदाच सांगतो. ते योग्यही आहे. पण पुढे ठरलेल्या मुदतीत वारसानं परवाना घेतला नाही, विक्रीही केली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. तिथे ते 'जुने रिव्हॉल्व्हर, नग एक' होतं. कुणाचं, कुठलं, कुणी आणलं, सगळं पुसलं जातं. बाहेर विकून टाकावं तर तेही नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू खाजगी माणसाला निर्यात करता येत नाही. समोर जेएनपीटीतून जगभर माल जातो, हे जात नाही. बरंच आहे. पण मग इथे तरी ते नीट ठेवायला हवं ना?

मघाशी एका ताईंनी विचारलं, घरात असं काही निघालं तर काय करायचं? परवान्याचं पहिलं बघा, लपवू नका. भरलेलं आहे का हे स्वतः उघडून बघू नका, जाणकाराला बोलवा. जुनी दारूसुद्धा पेटते. खंडेनवमीला पूजा करा, पण चिंच लावून घासू नका. आपल्याला चकचकीत दिसतं, पण जुना रंग आणि ठसे जातात. कोल्टच्या नेव्ही मॉडेलच्या चक्रावर १८४३च्या आरमारी लढाईचं चित्र कोरलेलं असतं. घासलं की पहिलं तेच जातं. आणि जमा करायच्या आधी, ठाण्यातल्या अंमलदाराला सांगून, फोटो काढून घ्या. चौकट, नळी, चक्र, चापाचं कडं, या सगळ्यांवरचे अनुक्रमांक लिहून घ्या. ते जुळले तर भाग मूळचे, नाही जुळले तर मधे कुणीतरी जोडाजोड केलीय. नळीवर लंडनचा पत्ता आहे का बघा. बेल्जियमच्या लिएजमध्ये कोल्टच्या नकला पुष्कळ झाल्या. आजोबांचं नाव, गाव, परवान्याचा नंबर त्याच कागदावर लिहा आणि त्याची एक प्रत जवळच्या संग्रहालयाला द्या.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करूया.