खांद्यावरचं मेंढरू

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर १८६४ साली एक संगमरवरी पुतळा सापडला. दाढीवाला पुरुष, मानेवर वासरू, वासराचे पाय छातीशी ओढून दोन्ही हातांत घट्ट धरलेले. इ. स. पूर्व ५७० च्या सुमाराचा हा पुतळा. वासरू चाललंय अथेना देवीच्या वेदीकडे, बळी जायला. ग्रीकांचा हर्मिस देवही असाच मेंढा खांद्यावर घेतलेला दिसतो. तनाग्रा शहरावर साथ आली तेव्हा त्याने मेंढा घेऊन तटाला फेरी घातली आणि साथ टळली, अशी तिथली कथा. इडापिडा जावी म्हणून गावाभोवती जनावर फिरवण्याची रीत मराठी गावांनाही अनोळखी नाही.

देवाचं प्रेम रंगात दाखवायची वेळ आली तेव्हा पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी हीच ठेवण उचलली. उभं राहणं तेच, पाय धरण्याची पकडही तीच. मात्र जनावर आता वेदीकडे जात नव्हतं, घरी चाललं होतं. मला या साऱ्या इतिहासात हा बदल सर्वांत मोठा वाटतो.

त्याचं मूळ लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात आहे. रोमन सत्तेसाठी वसुली करणारे जकातदार लोकांच्या मनातून उतरलेले. त्यांच्या पंक्तीला येशू बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री हे यहुदी धर्मपुढारी कुरकुर करतात. त्यावर येशू दाखला देतो. शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्या मागे जातो, सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेतो आणि घरी येऊन शेजाऱ्यांना बोलावतो. पश्चात्तापाचा उल्लेख दाखल्याच्या शेवटी येतो खरा, पण मेंढरू स्वतः काहीच करत नाही. ते परत येत नाही, वाट शोधत नाही, क्षमा मागत नाही. ते फक्त कमी भरतं, आणि तेवढ्यावरून मेंढपाळ निघतो.

इतकं बिनशर्त प्रेम सगळ्यांना पचलं असं नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजचा तर्तुल्यन नावाचा विद्वान फार चिडला होता. बाप्तिस्मा झाल्यावरही जो व्यभिचारात पडला, त्याला प्रायश्चित्तानंतर मंडळीत परत घ्यावं, असं काही धर्माधिकारी म्हणू लागले होते. त्यांना आधार हरवलेल्या मेंढराचा. तर्तुल्यनने रागाने लिहिलं, की तुमच्या प्याल्यांवर रंगवलेला हा मेंढपाळ काय साक्ष देणार! त्याच्या मते हरवलेलं मेंढरू म्हणजे अजून ख्रिस्ती न झालेला माणूस. आत येऊन घसरलेल्याला तो दाखला लागू नाही. ख्रिस्ती चित्राच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत याची गणना होते, आणि तो आला तो असा भांडणातून. पुढे चर्चने तर्तुल्यनचं ऐकलं नाही. पडलेल्याला परत घेण्याची वाट उघडी राहिली.

रोमच्या प्रिसिला भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं छतावरचं चित्र आहे. तिथे मेंढपाळाच्या खांद्यावर चक्क बोकड आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी शेरडं डावीकडे, म्हणजे शिक्षेच्या बाजूला जातात. चित्रकाराच्या मनात हे होतं की नुसता नेहमीचा नमुना त्याने गिरवला, यावर वाद घालता येईल. माझा कौल पहिल्या बाजूला आहे.

त्याच शतकात सीरियात, युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस गावात, एका राहत्या घराचं प्रार्थनाघर झालं होतं. बाप्तिस्म्याच्या कुंडामागे भिंतीवर मेंढपाळ, खांद्यावर थोरलं मेंढरू, पुढे कळप. आणि खाली कोपऱ्यात अगदी लहान आकारात आदाम-हव्वा. पहिलं पाप आणि त्याचा शोध घेत आलेला, दोघे एकाच भिंतीवर. बाप्तिस्मा घेणाऱ्याला पाण्यात उतरताना दोन्ही दिसत. २५६ साली इराणच्या सासानी फौजांनी गाव घेतलं. त्याआधी तटाच्या बळकटीसाठी टाकलेल्या मातीत ही खोली गाडली गेली, म्हणूनच ती १९३० च्या दशकातल्या उत्खननापर्यंत टिकली.

ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाल्यावर मेंढपाळही बदलला. रावेन्नात, पाचव्या शतकातल्या गाला प्लासिदियाच्या समाधीत तो सोनेरी अंगरखा घालून, हाती सोनेरी क्रूस धरून बसला आहे. भोवती सहा मेंढरं, खांद्यावर एकही नाही. पुढे मध्ययुगात तर ही प्रतिमा विरळच झाली.

ती नव्याने बहरली गोव्यात, १७ व्या शतकात. हस्तिदंत बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून यायचा आणि कोरणारे हात इथले. या मूर्तींत मेंढपाळ बाल येशू आहे. उंच खडकावर पाय दुमडून बसलेला, डोळे मिटलेले, गाल तळहातावर टेकलेला. बसण्यात बुद्धमूर्तीची आठवण. अंगातल्या लोकरी झग्यावर बारीक बारीक टिंबं. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. खाली पायरीपायरीने उतरणारा डोंगर, मधोमध कारंजं, पाणी प्यायला आलेली पाखरं. आणि तळाच्या गुहेत आडवी झालेली मग्दालेची मरिया, परंपरेने जिला पापिणी म्हटलं ती.

याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायालय बसलं होतं. श्रद्धेत खोट दिसली म्हणून माणसांना तुरुंगात आणि चितेवर पाठवणारी सत्ता आणि हे झोपलेलं मूल एकाच शहरातलं. हे नजरेआड करून या मूर्तींचं कौतुक करता येत नाही. पण कारागिरांनी कोरलं ते लूकच्या अध्यायाला धरून होतं: मरिया डोंगराच्या पायथ्याशी असली तरी त्याच डोंगराचा भाग आहे, आणि कारंज्याचं पाणी वरून खाली तिच्याच दिशेने येतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात अशा मूर्ती आहेत. पाहायला मिळाल्या तर वरच्या बालकाइतकाच वेळ त्या गुहेलाही द्यावा.