मालेरीचे दात : हौशी संशोधकाने शोधलेला फुप्फुसमीन

१८५९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी सेराटोडस या प्राचीन माशाच्या काही दातांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे दात नागपूरच्या दक्षिणेस, आज तेलंगणात असलेल्या मालेरीच्या लाल मृदाथरांत सापडले होते. ते शोधणारे गृहस्थ व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हते. ते होते नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप.

त्या काळी भारतातील जीवाश्मशास्त्र बव्हंशी अशा हौशी अभ्यासकांच्या बळावर उभे राहत होते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापनाच १८५१ ची. त्याच वर्षी कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील एक जीवाश्म मासा लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडला. हा मासा सिरोंच्याजवळ, प्राणहिता नदीकाठच्या कोटा गावच्या चुनखडीतला होता. सर फिलिप एगर्टन यांनी त्याचे वर्णन करून त्याला दख्खनचेच नाव दिले : लेपिडोटस डेक्कनेन्सिस. पुढच्या वर्षी डॉ. बेल यांनी कोटा परिसराच्या भूरचनेवर निबंध लिहिला. लष्करी अधिकारी, डॉक्टर, धर्मोपदेशक अशा लोकांनी फावल्या वेळात हे काम केले.

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. १८५१ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे जीवाश्म आढळले आणि तेथून त्यांचा शोध थांबला नाही. १८५५ मध्ये दोघांनी नागपूर परिसरातील थर व जीवाश्म यांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. दगड कोठे सापडला, तो कोणत्या थरातला, वर-खाली काय होते, याची नोंद नसेल तर जीवाश्म केवळ शोभेची वस्तू ठरतो, हे त्यांनी ओळखले होते.

मालेरीच्या दातांचे महत्त्व याच शिस्तीमुळे वाढले. सेराटोडसचा सांगाडा बराचसा कूर्चेचा असल्याने तो सहसा टिकत नाही. टिकतात ते कंगोरे असलेले कठीण दंतपट्ट. यूरोपात असे दात ट्रायासिक कालखंडाच्या खडकांत मिळत असत. त्यामुळे मालेरीच्या थरांचे वय ताडण्यास ते उपयोगी पडले. आज हे थर सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. ओल्डहॅम यांनी दोन जातींना हिस्लॉप आणि हंटर यांची नावे दिली. तिसरी जात 'विरापा' या दक्षिणी वळणाच्या नावाने नोंदली गेली.

हे दात वागवणारा प्राणी कसा दिसत असेल, हे मात्र १८५९ मध्ये कोणीच पाहिले नव्हते. अकरा वर्षांनी, १८७० मध्ये, सिडनीच्या संग्रहालयातील गेरार्ड क्रेफ्ट यांच्यापुढे क्वीन्सलँडमधील एक मासा आला. त्याच्या तोंडात तसेच दंतपट्ट होते. क्रेफ्ट यांनी त्याला सेराटोडस याच प्रजातीत ठेवले. पुढे त्याला निओसेराटोडस हे वेगळे नाव मिळाले. कल्ल्यांबरोबर फुप्फुसानेही श्वास घेणारा हा फुप्फुसमीन ऑस्ट्रेलियात आजही जिवंत आहे. केवळ दातांवरून ज्ञात असलेल्या कुळाला अशा रीतीने देह मिळाला.

ही वार्ता हिस्लॉप यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाही. १८६३ च्या सप्टेंबरात नागपूरजवळ एका ओढ्याच्या पुरात त्यांचा बुडून मृत्यू झाला. १९०८ मध्ये चंद्रपूर भागातील डोंगरगाव येथील एका जीवाश्म माशाला वुडवर्ड यांनी इओसेरॅनस हिस्लोपी हे नाव दिले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय सांख्यिकी संस्थेचे संशोधक याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात उतरले. कोटा थरांतून त्यांनी बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर बाहेर काढला. त्याचे नामकरण १९७५ मध्ये झाले. ज्या खोऱ्यात हे घडले, त्याकडे विज्ञानाचे लक्ष प्रथम वेधले होते ते हौशी माणसांनी जपलेल्या माशांच्या खवल्यांनी आणि दातांनी. सापडलेला दगड खिशात घालण्याआधी त्याची जागा टिपून ठेवणारा विद्यार्थी त्याच परंपरेचा वारस आहे.