कडेवरच्या भावासकट

तुझं खरं वय काय असेल ते असो. इथे तू सात वर्षांची आहेस, डोक्यात उवा आहेत आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ आहे. तो शेंबडा आहे, जड आहे आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत तुझाच आहे, कारण आई-बाप दुसऱ्याच्या भातात राबायला गेले आहेत.

गाव कोसबाड, जिल्हा तेव्हाचा ठाणे. घोलवड स्टेशनाला उतरायचं, चिकूच्या वाड्या मागे टाकायच्या आणि टेकडी चढायची. साल १९५८ धरू. तुला विचारून उपयोग नाही, तुझ्या वारली घरात वर्षं पावसाळ्यांनी मोजतात. घर कुडाचं आहे, कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप दिलेलं. भिंतीवर काकाच्या लग्नात काढलेला चौक अजून टिकून आहे. तांदळाचं पीठ धुराने पिवळं पडलंय, पण मधली पालघट देवी कळते, आणि तिच्या बाजूचा घोडा कुठल्या काकीने काढला तेही तू सांगू शकतेस. तिला घोड्याचे पाय जमत नाहीत.

तुला बरंच काही येतं. बांधाच्या कुठल्या बिळात मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, असतात, बिळात हात कसा घालायचा, कुठली अळंबी खायची आणि कुठलीकडे बघायचंही नाही, खाजकुयली वाऱ्यावर असली की गुरं कुठल्या अंगाने न्यायची, तारप्याचा सूर बदलला की नाचणाऱ्यांनी कुठे वळायचं. हे सगळं तुला कुणी बसवून शिकवलेलं नाही, त्यामुळे हे शिक्षण आहे असं कुणाला वाटत नाही. तुलाही नाही.

शाळेत तू एकदा गेली होतीस. भावाला घेऊनच गेलीस, दुसरं करणार काय? गुरुजींनी हाताने खूण केली : त्याला घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस. त्यांचं बोलणं तुला निम्मं कळलं. ते बोलत होते ती मराठीच होती, तू बोलतेस तीही मराठीच्या नात्यातली, पण दोघींची ओळख नव्हती. तू परत आलीस आणि पुन्हा गेली नाहीस. कुणी बोलवायलाही आलं नाही.

मग एका सकाळी दोन बाया तुमच्याच अंगणात येतात.

पिशवीतून पुस्तक निघत नाही. साबण निघतो, फणी निघते, नखं कापायची कात्री निघते. एक बाई केरसुणी मागून घेते आणि अंगण झाडायला लागते. आई दाराशी उभी राहून बघते. तिच्या चेहऱ्यावर आनंद बिलकुल नाही. स्वच्छ लुगडं नेसून दारात आलेलं माणूस काहीतरी न्यायला आलेलं असतं, एवढा धडा तिने गिरवलेला आहे.

तो कुठे गिरवला, हे बघायला तेरा वर्षं मागे चल. १९४५. तू जन्मायची आहेस, आई स्वतःच पोर आहे. सावकाराकडून लग्नासाठी पैसे उचललेला वारली त्याचा लग्नगडी होतो, म्हणजे नवरा-बायको दोघंही त्या कर्जापायी राबतात, आणि कर्ज काही फिटत नाही. त्या मे महिन्यात झरीला वारल्यांची सभा भरते. कम्युनिस्ट कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे आहेत. वेठ करायची नाही, असं ठरतं. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिस गोळ्या झाडतात. तुझ्या आईला तारखा ठाऊक नाहीत, लाल बावटा ठाऊक आहे.

आणि त्याच वर्षी, त्याच मुलखात, बोर्डीला ताराबाई मोडक ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करतात. आपले इतिहासकार या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत घालतात, एक चळवळीच्या, दुसरी शिक्षणाच्या. तुझ्या आईने त्या एकाच अंगणातून पाहिल्या.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिर चालवलेलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केलेला, नंतर दादरला शिशुविहार. सोबतीला पस्तिशीच्या अनुताई वाघ, पुण्याची हुजूरपागेतली नोकरी सोडून आलेल्या. मॉंटेसोरीची पद्धत दोघींना पटलेली, पण तिची साधनं खेड्याच्या ऐपतीबाहेरची. बोर्डीत त्यांची जागा शिंपल्यांनी, चिंचोक्यांनी, पानांनी आणि मातीने घेतली. हे काटकसरीपोटी झालं असं म्हणतात. मला वाटतं काटकसर ही नुसती सुरुवात होती. शिंपला पोराच्या ओळखीचा असतो, लाकडी दट्ट्या नसतो, आणि ओळखीच्या वस्तूपुढे पोराचं तोंड उघडतं, हे बाईंनी हेरलं. शिवाय सजवलेल्या बालवाडीत वस्तीतली पोरं येईनात, म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी पडलं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं, आणि आता ते तुमचं अंगण झाडतंय.

साबणाबद्दल तुझ्या मनात काय येतंय ते मला कळतंय. सात वर्षांच्या तुझ्या नव्हे, वाचणाऱ्या तुझ्या. शहरातली बाई येते आणि आधी आदिवासी पोराला आंघोळ घालते, यात ‘तुम्ही अस्वच्छ’ हा निकाल दडलेला नाही का? आहे, थोडासा आहेच. पण डोळ्यांत साबण गेलेला असताना हा वाद घालणं अवघड असतं. रात्री डोकं खाजत नाही, हे तू आधी लक्षात घेतेस.

टेकडीवर जायला तू तयार होतेस ती मात्र दुसऱ्याच कारणाने. तिथे भाऊ चालतो. विकासवाडी म्हणतात त्या व्यवस्थेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आहेत. एक बाई भावाला तुझ्या कडेवरून उचलून घेते, पाळण्यात घालते. तो रडतो. तू दोन घरं पलीकडे बसावं तशी वर्गात बसतेस, त्याचं रडणं तुला ऐकू येतं, मग थांबलेलंही ऐकू येतं. तुला एकदम दोन्ही हात मोकळे मिळतात आणि त्यांचं काय करायचं हे कळत नाही. मुलींच्या शिक्षणावर पुढे कित्येक अहवाल लिहिले जातील. त्यांतल्या बहुतेकांना न सुटलेला प्रश्न इथे एका पाळण्याने सोडवलाय.

पण गुरं उरतातच. सकाळी वर्गात बसलीस तर मालकाची गाय कोण राखणार? तेव्हा शाळा पिशवी घेते आणि कुरणात येते. हिला कुरणशाळा म्हणतात. घंटा नाही, फळा नाही. गाय कुणाच्या भातात शिरली की वर्ग उठतो, सगळे ओरडत धावतात आणि परत येऊन बसतात, न बसले तर बाईही धावते.

बाई विचारते, ही गाय काय खातेय? तू गप्प. शहरी बाईने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, चूकच निघतं. ती पुन्हा विचारते, खरंच माहीत नसल्यासारखी. आणि तुझ्या ध्यानात येतं की तिला खरंच माहीत नाही. मोठी माणसं माहीत नसलेलं विचारतात, हे तुला नवीन आहे. तू गवताचं नाव सांगतेस. शेजारचा पोरगा म्हणतो, ते नव्हे, ते पलीकडचं. भांडण जुंपतं. गवतं उपटून आणली जातात, पातं बघ, तुरा बघ. बाई मध्ये पडत नाही. भांडण मिटल्यावर काडीने तू म्हणालीस तसंच्या तसं नाव मातीत लिहिते. तू त्या रेघांकडे बघतेस. काकी भिंतीवर काढते त्यापेक्षा सोप्या वाटतात.

इथवर सगळं छान आहे, म्हणून इथेच थांबायचा मोह होतो. पण तू मोठी होतेस आणि सरकारी पुस्तक येतं. त्यातलं घर तुझं नाही, त्यातली आई तुझ्या आईसारखी बोलत नाही, आणि परीक्षा त्याच पुस्तकाची असते. कोसबाडने त्या पुस्तकापर्यंतची वाट सोपी केली. वाट पोचायची ती प्रमाण मराठीलाच. वारली बोलीतच पुढे शिकावं, इतकं मोठं स्वप्न कुणी पाहिलं असतं तरी ते एका टेकडीच्या आवाक्यातलं नव्हतं. शिवाय दिवाळी झाली की आई-बाप गवतकापणीला दूर जातात. तू आणि भाऊ त्यांच्या मागोमाग. वर्ग निम्मा होतो.

आता पुढे चल, भराभर. १९७३च्या ऑगस्टअखेर ताराबाई जातात. १९७५ साली, २ ऑक्टोबरला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू होते आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणू लागतात. ते नाव देशभर गेलेलं बघायला बाई नव्हत्या. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळते.

तुझ्या पाड्यावरही केव्हातरी अंगणवाडी येते, आणि तू तिथे मदतनीस होतेस. पाणी भरायचं, शिजवायचं, घरोघर जाऊन पोरं गोळा करायची. भिंतीवर तक्ता आहे : अ अननसाचा. पाड्यावर अननस कुणी पाहिलेला नाही. पोरं कोरसात ओरडतात, छान ओरडतात. सेविका वाईट नाही. तिला वजनं भरायची असतात, लसीच्या नोंदी ठेवायच्या असतात, आणि पोरं भुकेने खंगतात त्या मुलखात वजनाची वही फालतू नसते. फक्त त्या वहीतच दिवस संपतो.

एकदा ती बैठकीला जाते. तू पोरांना घेऊन बाहेर पडतेस, बांधापर्यंत. विचारतेस, या बिळात काय आहे? साप म्हणतो एक, मुठा म्हणते दुसरी. भांडण जुंपतं, तू मध्ये पडत नाहीस. सेविका परत येते तेव्हा पोरं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आणि तीन मुठे पातेल्यात.

ती कपाळाला हात लावते. हे आता रजिस्टरात कुठे लिहू?

तू चुलीकडे वळता वळता सांगतेस, ‘पूर्वशालेय शिक्षण’ म्हणून रकाना आहे ना, तो रोज कोराच असतो.

ती पेन काढते. किती वाजता नेलंस, विचारते. तू अंगणातल्या सावलीकडे बघून सांगतेस, आणि ती साडेदहा असं लिहिते.