जपानमधील भारतीय लोकप्रिय चित्रपट

जपानमधील भारतीय लोकप्रिय चित्रपटांचा प्रेक्षकवर्ग प्रामुख्याने इ.स. १९९८ नंतर आकारास आला. त्या वर्षी 'मुथू' हा तमिळ चित्रपट 'मुतू: ओदोरू महाराजा' (मुथू: नाचणारा महाराजा) या नावाने टोकियोत प्रदर्शित झाला आणि अभिनेते रजनीकांत यांचे नाव तेथे घरोघरी पोचले. सोव्हिएत संघ, आखाती देश किंवा पूर्व आफ्रिका या प्रदेशांत भारतीय चित्रपट पोचले ते शासकीय सांस्कृतिक करार, जुने व्यापारी संबंध किंवा स्थलांतरित भारतीयांची वस्ती यांमुळे. जपानमध्ये मात्र ही कारणे गौण होती. तेथे एका परदेशी रसिकाला लागलेला चित्रपटाचा छंद आणि त्यातून निर्माण झालेली रसिकांची साखळी हे या प्रसाराचे मुख्य माध्यम ठरले.

पार्श्वभूमी

मेहबूब खान दिग्दर्शित 'आन' (१९५२) हा चित्रपट १९५४ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला होता. मात्र त्यानंतरची चार दशके जपानी प्रेक्षकांच्या दृष्टीने भारतीय चित्रपट म्हणजे मुख्यतः सत्यजित राय यांचे चित्रपट होत. 'पथेर पांचाली' तेथे १९६६ मध्ये आर्ट थिएटर गिल्ड या संस्थेमार्फत प्रदर्शित झाला. ताकानो एत्सुको आणि कावाकिता काशिको यांनी १९७४ मध्ये टोकियोच्या इवानामी हॉलमध्ये निवडक जागतिक चित्रपट दाखवण्याची चळवळ सुरू केली, तिचा आरंभ 'अपुर संसार'ने झाला.

या चित्रपटांमुळे भारतीय चित्रपटाला जपानमध्ये मान मिळाला, परंतु त्याची प्रतिमा दारिद्र्य, करुणा आणि संथ वास्तव यांपुरती मर्यादित राहिली. गाणी, नृत्ये, हाणामारी, विनोद आणि अश्रू एकाच कथेत गुंफणारा लोकप्रिय चित्रपट महोत्सव, अभ्यासक आणि थोडे जाणकार यांच्यापलीकडे फारसा पोचला नव्हता. अझीझ मिर्झा यांचा 'राजू बन गया जंटलमन' १९९७ मध्ये टोकियोत प्रदर्शित झाला, तेव्हा बदलाची पहिली चाहूल लागली.

'मुथू'चा शोध

के. एस. रविकुमार दिग्दर्शित 'मुथू' १९९५ च्या दिवाळीत तमिळनाडूत प्रदर्शित झाला. प्रियदर्शन यांच्या 'तेन्माविन कोंबत्त' (१९९४) या मल्याळम चित्रपटावर तो आधारलेला असून त्याचे संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. जमीनदाराच्या घरी चाकरी करणारा मुथू हाच त्या संपत्तीचा खरा वारस असल्याचे अखेरीस उघड होते, असे त्याचे कथानक आहे. रजनीकांत यांची यात दुहेरी भूमिका असून नायिका मीना आहे.

जपानी चित्रपट समीक्षक एदोकी जुन यांना हा चित्रपट सिंगापूरमध्ये गवसला. तमिळ ही सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक असल्याने तेथील 'लिटल इंडिया' भागात तमिळ चित्रपट सहज उपलब्ध असत. संवाद कळत नसतानाही चित्रपटाने एदोकी यांना खिळवून ठेवले. मायदेशी परतल्यावर त्यांनी तो जपानमध्ये प्रदर्शित व्हावा यासाठी पाठपुरावा केला आणि पुढे झानादू या वितरण संस्थेमार्फत तो पडद्यावर आला. चेन्नईतील निर्मात्यांनी जपानी बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून यासाठी कोणतीही मोहीम आखली नव्हती.

टोकियोतील यश

जून १९९८ मध्ये टोकियोच्या शिबुया भागातील 'सिनेमा राइज' या चित्रपटगृहात 'मुथू' प्रदर्शित झाला. शिबुया हा तरुणाईच्या वावराचा आणि नव्या अभिरुचीचा परिसर समजला जातो. मोठ्या कंपन्यांच्या साखळीबाहेर राहून वेगळ्या धाटणीचे चित्रपट दाखवणाऱ्या छोट्या चित्रपटगृहांना जपानमध्ये 'मिनी थिएटर' म्हणतात. सिनेमा राइज हे त्यांतील अग्रगण्य होते. अशा ठिकाणी पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावर चित्रपटाचे भवितव्य ठरत नाही. प्रेक्षकांनी एकमेकांना सांगून गर्दी वाढवावी इतका अवधी चित्रपटाला मिळतो.

'मुथू'ला त्याचा लाभ झाला. तो या एकाच चित्रपटगृहात २३ आठवडे चालला आणि तेथे सुमारे १ लाख २७ हजार प्रेक्षकांनी तो पाहिला. देशभरातील त्याचे उत्पन्न सुमारे ४० कोटी येन होते. भारतीय चित्रपटांपुरता हा उच्चांक पुढे चोवीस वर्षे अबाधित राहिला. रजनीकांत आणि मीना या दोघांचेही चाहते जपानमध्ये तयार झाले.

ओसरलेली लाट

'मुथू'च्या यशानंतर वितरकांनी भारतीय चित्रपटांचे हक्क घाईने मिळवले. रजनीकांत यांचे 'यजमान', 'अरुणाचलम' आणि 'बाशा' तसेच शाहरुख खान यांचे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आणि 'दिल से' हे चित्रपट लागोपाठ प्रदर्शित झाले. जपानी नावे देताना 'ओदोरू', म्हणजे 'नाचणारा', हा शब्द त्यांतील अनेक चित्रपटांना चिकटवण्यात आला. 'यजमान'चे नाव 'नाचणारा महाराजा २' असे ठेवले गेले, वस्तुतः त्याच्या कथेचा 'मुथू'शी काहीही संबंध नव्हता आणि तो १९९३ मधील, म्हणजे 'मुथू'च्या आधीचा होता. दूरचित्रवाणीवरील विनोदवीर नानबारा कियोताका यांची भूमिका असलेला 'नातू: ओदोरू निंजा देन्सेत्सू' (२००० मध्ये प्रदर्शित) हा जपानी चित्रपटही याच लाटेवर निघाला.

नावीन्य ओसरताच ही लाट विरली. मणिरत्नम यांचा 'बॉम्बे' १९९८ मध्येच जपानमध्ये प्रदर्शित झाला होता. परंतु १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरील अशा गंभीर चित्रपटाला 'नाचगाण्यांचा गमतीदार देश' या चौकटीत जागा नव्हती. रसिकाच्या उत्साहाने उघडलेले दार जाहिरातीच्या ठशाने अरुंद केले, असे या टप्प्याविषयी म्हणता येते. त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांत व्यावसायिक प्रदर्शने तुरळक झाली.

पुनरागमन

शंकर दिग्दर्शित 'एंदिरन' मे २०१२ मध्ये 'रोबोत्तो' या नावाने जपानमध्ये प्रदर्शित झाला. फराह खान यांचा 'ओम शांती ओम' मार्च २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी निक्कात्सू या जुन्या जपानी चित्रपटसंस्थेने 'बॉलिवूड ४' या मालिकेत 'एक था टायगर', 'डॉन २', 'जब तक है जान' आणि 'थ्री इडियट्स' हे चार चित्रपट दाखवले.

यांपैकी 'थ्री इडियट्स'चा प्रभाव सर्वाधिक टिकाऊ ठरला. त्याचे जपानी नाव 'कित्तो, उमाकू इकू', म्हणजे 'नक्की सारे नीट होईल', असे आहे. या नावात नाचाचा उल्लेख नाही. चित्रपटातील 'ऑल इज वेल' या घोषवाक्याचा आशय त्यात आला आहे. प्रवेश परीक्षांचा ताण, पालकांच्या अपेक्षा आणि विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हे विषय जपानी समाजाच्याही परिचयाचे असल्याने भारतीय लोकप्रिय चित्रपट आपल्याविषयीही काही सांगतो, ही जाणीव प्रेक्षकांत रुजली. नाव देण्याच्या पद्धतीतील हा बदल आवडीच्या बदललेल्या स्वरूपाचा निदर्शक आहे.

एस. एस. राजामौली यांच्या 'बाहुबली'चे दोन्ही भाग २०१७ मध्ये अनुक्रमे एप्रिल आणि डिसेंबर महिन्यांत प्रदर्शित झाले. राजामौली यांचाच 'आरआरआर' २१ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने 'मुथू'चा विक्रम मोडला. जपानी प्रेक्षकांनी 'मुथू'ची आठवण मात्र सोडली नाही. डिजिटल पद्धतीने नूतनीकरण केलेली त्याची प्रत २०१८ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आली होती.

मसाला प्रदर्शने

जपानी चित्रपटगृहात प्रेक्षक सहसा निःशब्द बसतात. श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत न उठण्याची प्रथा तेथे पाळली जाते. भारतीय चित्रपटांनी या शिस्तीला एक अपवाद निर्माण केला. 'मसारा जोएई' (मसाला प्रदर्शन) या नावाने होणाऱ्या खास खेळांत टाळ्या, आरोळ्या आणि पात्रांच्या नावांचा गजर यांना मुभा असते. प्रेक्षक डफल्या व खुळखुळे वाजवतात, रंगीत दिवे हलवतात, कागदी कपटे उधळतात आणि कित्येक जण साडी, कुर्ता किंवा पात्रांसारखा वेश करून येतात. दक्षिण भारतात आवडत्या नटाच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला होणाऱ्या जल्लोषाचे हे अनुकरण होय.

ह्योगो प्रांतातील आमागासाकी शहराचे 'त्सुकागुची सनसन' चित्रपटगृह अशा खेळांसाठी प्रसिद्ध आहे. खेळ संपल्यावर उधळलेले कपटे प्रेक्षक स्वतः वेचतात. जल्लोष भारतीय धर्तीचा आणि आवराआवर जपानी शिस्तीची, असा हा संगम आहे. 'बाहुबली'च्या 'झेक्क्यो जोएई' (आरोळी प्रदर्शन) या प्रकारच्या खेळाला एप्रिल २०१८ मध्ये स्वतः राजामौली उपस्थित राहिले होते. मार्च २०२४ मध्ये 'आरआरआर'च्या खेळासाठी ते पुन्हा जपानला गेले असता एका ८३ वर्षांच्या स्त्रीने हाताने घडवलेले एक हजार कागदी क्रौंच त्यांना भेट दिले. जपानी परंपरेत अशी भेट आरोग्य आणि सौभाग्य चिंतण्यासाठी देतात.

उपशीर्षके आणि मध्यंतर

जपानी उपशीर्षकांत एका सेकंदाच्या संवादाला सुमारे चार अक्षरे, असे प्रमाण मानले जाते. त्यामुळे शाब्दिक कोट्या, गाण्यांतील रूपके आणि पौराणिक संदर्भ यांचा संक्षेप अपरिहार्य होतो. भारतीय चित्रपटांच्या अभ्यासक आणि अनुवादक मात्सुओका तामाकी यांनी उपशीर्षकांबरोबरच लेखनाद्वारेही हे संदर्भ प्रेक्षकांपर्यंत पोचवले. व्यावसायिक प्रदर्शनाची वाट न पाहणारे रसिक टोकियोलगतच्या साईतामा प्रांतात होणाऱ्या, इंग्रजी उपशीर्षके असलेल्या स्वतंत्र खेळांनाही जातात.

जपानी चित्रपटगृहांत मध्यंतराची पद्धत नाही. 'आरआरआर'मध्ये पडद्यावर मध्यंतराची पाटी येते आणि चित्रपट न थांबता पुढे सरकतो. नव्या प्रेक्षकांना याचे नवल वाटते.

रंगभूमी

सर्व भूमिका स्त्रियांनीच साकारणाऱ्या ताकाराझुका या १९१४ पासून प्रयोग करणाऱ्या संगीत नाट्यसंस्थेने २०१७ मध्ये 'ओम शांती ओम' आणि जानेवारी २०२४ मध्ये 'आरआरआर' रंगमंचावर आणले. दोन्ही प्रयोग संस्थेच्या 'होशी-गुमी' (तारा) या चमूने केले. 'आरआरआर'च्या रूपांतरात कथा भीम या पात्राच्या बाजूने मांडली आहे. एका देशाच्या लोकप्रिय कलेने दुसऱ्या देशाच्या लोकप्रिय कलेला स्वतःच्या परंपरेत सामावून घेतल्याचे हे उदाहरण आहे.

मराठी संबंध

रजनीकांत यांचा जन्म १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळूरमधील मराठी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड असून त्यांचे पूर्वज पुणे जिल्ह्यातील मावडी कडेपठार येथील होत. पुण्याच्या गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) जून २०१४ मध्ये 'मादाम इन न्यूयॉर्क' या नावाने जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याची नायिका शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी आहे. इंग्रजी न येण्याची तिची सल जपानी प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. मुंबईच्या डबेवाल्यांच्या पार्श्वभूमीवरील 'द लंचबॉक्स' त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या जपानी नावात 'ओबेन्तो' (डबा) हा शब्द आहे. घरच्या हाताने भरलेल्या डब्याला जपानी कौटुंबिक जीवनातही जिव्हाळ्याचे स्थान आहे.

मूल्यमापन

जपानमधील एकूण चित्रपट व्यवसायाच्या तुलनेत भारतीय चित्रपटांचा वाटा लहान आहे. त्यांच्या प्रेक्षकांची निष्ठा मात्र लक्षणीय आहे. एकच चित्रपट अनेकदा पाहणे, त्यासाठी तमिळ, तेलुगू किंवा हिंदी शिकणे, भारतीय नृत्याचे धडे घेणे आणि रजनीकांत यांच्या चित्रपटाचा पहिला खेळ पाहण्यासाठी चेन्नईला येणे, असे या आवडीचे आविष्कार आहेत. 'जेलर' (२०२३) पाहण्यासाठी ओसाकाहून एक दांपत्य चेन्नईला आल्याचे वृत्त भारतीय माध्यमांनी दिले होते.

परक्या लोकप्रिय कलेची ओढ अनेकदा कुतूहलापासून सुरू होते आणि कुतूहलात थोडे हसू मिसळलेले असते. १९९८ च्या लाटेत ते हसू चित्रपटाला उद्देशून होते की चित्रपटाबरोबर होते, हे वेगळे करणे कठीण होते. पुढील काळात हा फरक स्पष्ट झाला. ज्या वितरकांनी केवळ नवलाई विकली त्यांची लाट दोन-तीन वर्षांत संपली, तर ज्या रसिकांनी भाषा, संदर्भ आणि माणसे समजून घेतली त्यांनी पडता काळही निभावून नेला. 'मुथू' प्रथम दाखवणारे सिनेमा राइज जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. तेथे तयार झालेला प्रेक्षकवर्ग मात्र टिकून राहिला आणि 'बाहुबली' व 'आरआरआर' यांच्या स्वागताची भूमी त्यानेच तयार केली.